पाटी तीच, आत उपचार तेच का?

महाविद्यालयात जाणारा, चारचौघांसारखा मुलगा हळूहळू मित्रांना टाळू लागतो. रात्ररात्र जागा राहतो. शेजारी आपल्याविषयीच कुजबुजतात, दूरचित्रवाणीवरील निवेदक आपल्यालाच उद्देशून बोलतो, अशी त्याची खात्री पटत जाते. आसपास कोणी नसताना आवाज ऐकू येतात. घरची माणसे आधी ‘वय आहे’ म्हणतात, मग ‘परीक्षेचा ताण’ म्हणतात, मग कोणीतरी एखाद्या देवऋष्याचा पत्ता आणून देते. मनाचा वास्तवाशी असलेला सांधा निखळण्याच्या या अवस्थेला वैद्यकशास्त्रात सायकोसिस म्हणतात. स्किझोफ्रेनिया हा ती अवस्था घडवणारा सर्वांत परिचित आजार. पहिला झटका बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत येतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, मैत्री, लग्न हे सारे मार्गी लागण्याच्या ऐन वयात.

उपचार मात्र त्या वेळी सुरू होतातच असे नाही. अमेरिकेतील २१ राज्यांमधल्या ३४ केंद्रांत ४०४ रुग्णांवर ‘रेझ’ या नावाने एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. लक्षणे सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत ज्यांना ७४ आठवड्यांहून अधिक काळ लागला, अशा रुग्णांची संख्या त्यात निम्मी होती. जवळजवळ दीड वर्ष! त्याच अभ्यासात असेही दिसले की, या मर्यादेच्या आत जे पोहोचले त्यांना विशेष उपचारांचा लाभ अधिक झाला. उशिरा आलेल्यांच्या बाबतीत तीच मेहनत तितकी फळली नाही.

लवकर गाठावे आणि गाठल्यावर सर्व बाजूंनी आधार द्यावा, हा विचार नवा नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली अशा तरुणांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले. तोवर पहिल्याच झटक्याने हादरलेल्या मुलाला वीस-वीस वर्षे आजारी असलेल्या रुग्णांच्या शेजारी खाट मिळत असे. आपले भविष्य त्याला तेथेच दिसे. नव्या केंद्राची रीत वेगळी होती. औषधे, पण शक्य तितक्या कमी मात्रेत; संवादातून उपचार; कुटुंबाला आजाराची ओळख करून देणे आणि त्याच्याशी कसे वागावे हे शिकवणे; शिक्षण किंवा नोकरी सुटू न देणे, सुटली असल्यास परत मिळवून देणे; आणि हे सारे करणारा एक छोटा चमू, जो दोन-तीन वर्षे त्या मुलाची साथ सोडत नाही. लंडनच्या लँबेथ भागात आणि डेन्मार्कमध्ये याच धर्तीच्या सेवांची चाचणी घेण्यात आली. डेन्मार्कच्या ‘ओपस’ चाचणीत ५४७ रुग्ण होते. २०१८ साली अशा दहा चाचण्या आणि त्यांतील २,१७६ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, लक्षणे, उपचार अर्ध्यावर सोडणे, शिक्षण-नोकरीतील सहभाग अशा सर्व मोजमापांवर ही सेवा नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली.

मग सरकारे पुढे सरसावली. ब्रिटनने २००० सालच्या राष्ट्रीय आरोग्य योजनेत असे ५० चमू उभे करण्याचे ठरवले. अमेरिकी काँग्रेसने २०१४ साली राज्यांना मानसिक आरोग्यासाठी मिळणाऱ्या अनुदानातील पाच टक्के रक्कम या कामासाठी राखून ठेवली. २०१६ साली हा वाटा दहा टक्के झाला. केंद्रे झपाट्याने वाढली, पाट्या लागल्या. आणि येथेच तो प्रश्न उभा राहिला, जो वरकरणी कारकुनी वाटतो, पण ज्यावर त्या मुलाची पुढची वीस वर्षे अवलंबून असू शकतात: पाटीवर जे लिहिले आहे, ते आत खरोखर दिले जाते का?

गोळीच्या बाबतीत हा प्रश्न सोपा असतो. दहा मिलिग्रॅमची गोळी मुंबईत घेतली काय आणि माँट्रियलमध्ये घेतली काय, आत दहाच मिलिग्रॅम असायला हवेत, आणि नसतील तर प्रयोगशाळा ते सांगते. परंतु येथे ‘औषध’ म्हणजे माणसांचे वागणे आहे. चमूत मानसोपचारतज्ज्ञ आहे, पण आठवड्यातून अर्धाच दिवस येतो. कुटुंबासाठी सत्रे आहेत, पण ती दुपारी तीनला असतात आणि वडील कामावरून सातला सुटतात. नोकरीसाठी साहाय्य करणारा कर्मचारी आहे, पण त्याच्यावर आणखी तीन विभागांचा भार आहे. अशा केंद्राला खोटे म्हणता येत नाही. तेथील माणसे बहुधा जीव तोडून राबत असतात. मात्र चाचणीत जे सिद्ध झाले, ते हे नव्हे. ‘अस्सल कोल्हापुरी’ अशी पाटी असलेल्या प्रत्येक दुकानात मिसळ कोल्हापुरीच मिळते असे नाही, हे आपण जाणतोच. फरक इतकाच की, मिसळीची परीक्षा पहिल्या घासालाच होते आणि येथे ती व्हायला काही वर्षे जातात.

मूळ नमुन्याशी असलेल्या या इमानाला इंग्रजीत ‘फिडेलिटी’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘नमुनानिष्ठा’ म्हणता येईल. जुन्या दप्तरी भाषेतला ‘बरहुकूम’ हा शब्दही अर्थाने फार जवळचा आहे. ती मोजण्याची पद्धत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात १९९० च्या दशकात रुजली. गंभीर रुग्णांच्या घरी जाऊन त्यांची काळजी घेणाऱ्या चमूंसाठी अमेरिकेत १९९८ साली २८ बाबींची एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. सायकोसिसच्या पहिल्या झटक्यासाठीची सर्वाधिक परिचित मोजपट्टी कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या डोनाल्ड अ‍ॅडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी तयार केली. (मानसिक आरोग्याच्या संदर्भात कॅलगरीचे नाव मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. तेथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनीच पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली, आणि ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट त्यांच्या पाठबळातून साकारला.)

अ‍ॅडिंग्टन यांच्या गटाने आधी उपलब्ध संशोधन चाळून ७५ घटक वेगळे काढले. नंतर तज्ज्ञांच्या मतांच्या फेऱ्या घेऊन त्यांतील ३२ घटक अत्यावश्यक ठरवले. हे काम २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर आधारलेली मोजपट्टी २०१६ साली आली. तीत तीसहून अधिक बाबी आहेत. रुग्णाशी पहिला संपर्क किती दिवसांत झाला, एका कर्मचाऱ्याकडे किती रुग्ण आहेत, औषधाची मात्रा मार्गदर्शक सूचनांनुसार आहे का, कुटुंबाचा सहभाग किती, अशा प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण दिले जातात आणि चार गुण म्हणजे समाधानकारक कामगिरी मानली जाते.

गुण देण्याची रीत मात्र परीक्षकाच्या मर्जीवर सोडलेली नाही, आणि या पद्धतीची खरी ताकद त्यातच आहे. ‘कुटुंबाला सामावून घेतले जाते का?’ असे केंद्रप्रमुखाला विचारले तर उत्तर ‘होय’ असेच येणार. त्याऐवजी प्रत्येक गुणाचा अर्थ आधीच ठरवून ठेवलेला असतो: समजा, शंभरातील ऐंशी कुटुंबांपर्यंत ही सेवा पोहोचली तर पाच गुण, साठांपर्यंत पोहोचली तर चार, आणि असेच खाली. परीक्षक केंद्रावर येतात, रुग्णांच्या कागदपत्रांतून काही संच निवडून नोंदी वाचतात, चमूची बैठक पाहतात, कर्मचाऱ्यांशी बोलतात, रुग्णांना आणि त्यांच्या आईवडिलांना स्वतंत्रपणे भेटतात. चार ठिकाणची माहिती एकमेकींशी जुळते का, हे पाहून मगच आकडा लिहिला जातो. अमेरिकेत अंतरे मोठी असल्याने दूरध्वनीवर मुलाखती घेऊनही अशी तपासणी करण्यात आली. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात याच क्षेत्रातील सहकाऱ्यांनी एकमेकांच्या केंद्रांची तपासणी करण्याचा मार्ग अवलंबला. माझ्या मते हा मार्ग अधिक शहाणपणाचा. तपासायला येणारा स्वतःही असेच केंद्र चालवत असेल, तर त्याला कोठे पाहावे हे ठाऊक असते आणि तो घरी परतताना काही शिकूनही जातो.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. रुग्ण बरे झाले की नाही, एवढेच पाहावे! पण बरे होणे-न होणे अनेक गोष्टींवर ठरते: आजाराची तीव्रता, घरची स्थिती, व्यसन, गावात नोकऱ्या आहेत की नाहीत. आणि अपयश आले तर ते नेमके कोणाचे, हे कळायला आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते. ब्रिटनमधील ‘यूके-७००’ या चाचणीचे उदाहरण बोलके आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ७०८ रुग्ण होते. निम्म्या रुग्णांच्या काळजीवाहक कर्मचाऱ्यांकडे प्रत्येकी १० ते १५ रुग्ण, उरलेल्यांच्या कर्मचाऱ्यांकडे ३० ते ३५. दोन वर्षांनंतर रुग्णालयातील दिवसांमध्ये फरक पडला नाही. म्हणजे सघन सेवा निरुपयोगी? टीकाकारांनी लगेच विचारले की, येथे कर्मचाऱ्यामागील रुग्णसंख्या घटवली, पण मूळ नमुन्यातील बाकीच्या गोष्टी होत्या का? टॉम बर्न्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा या वादाला थोडे उत्तर मिळाले. रुग्णालयातील दिवस कमी होण्याशी नाते होते ते चमूच्या कामाच्या रचनेचे, म्हणजे सर्वांनी मिळून रुग्ण सांभाळणे, वारंवार बैठका, घरभेटी यांचे. नुसत्या माणसांच्या संख्येचे तितके नव्हे. शिवाय जेथे रुग्णालयाचा वापर आधीच कमी होता, तेथे आणखी घट होण्यास वावच नव्हता. बरहुकूम काय होते आणि काय नव्हते याची मोजणी झाली नसती, तर ‘आम्ही करून पाहिले, जमले नाही’ एवढ्यावर विषय संपला असता. आरोग्यखात्यांच्या दप्तरांत अशी अन्यायाने बंद झालेली प्रकरणे कमी नसावीत.

एखादा घटक गळाला तर काय होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण नॉर्वेचे आहे. तेथील रोगालँड भागात ‘टिप्स’ प्रकल्पाने वृत्तपत्रे, शाळा, सामान्य डॉक्टर यांच्यामार्फत सायकोसिसची लक्षणे लोकांना ओळखायला शिकवली आणि थेट संपर्क साधता येईल असा शोधचमू उभा केला. उपचाराविना जाणारा काळ मध्यकाने पाच आठवड्यांवर आला. पुढे जाहिरात मोहीम थांबली. शोधचमू होता, डॉक्टर होते, उपचार होते. तरी तो काळ पुन्हा वाढून १५ आठवड्यांवर गेला. वार्षिक अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री लागते ती अशाच ‘प्रसिद्धी’च्या रकमेला.

मोजमापाचा सर्वांत मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. एप्रिल २०१६ पासून तेथे असा दंडक लागू झाला की, पहिल्या झटक्याच्या निदान ५० टक्के रुग्णांना संदर्भित केल्यापासून दोन आठवड्यांत मान्यताप्राप्त उपचार सुरू व्हावेत. पुढे हे लक्ष्य ६० टक्क्यांवर नेण्यात आले. उपचार कोणते, हेही मोघम ठेवलेले नाही. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार संवादोपचाराची निदान १६ सत्रे, कुटुंबासह निदान १० सत्रे, दोन औषधांनी गुण न आल्यास क्लोझापिनचा विचार, नोकरी-शिक्षणासाठी साहाय्य. त्याबरोबर शरीराचीही तपासणी: धूम्रपान, मद्य, अमली पदार्थ, वजन, रक्तदाब, रक्तातील साखर आणि चरबी. ही शेवटची यादी कोणास किरकोळ वाटेल. परंतु गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १५ ते २० वर्षे आधी दगावतात, ती बहुतांशी हृदयविकारासारख्या शारीरिक कारणांनी. आणि अनेक औषधांनी वजन वाढते ते पहिल्या काही महिन्यांतच.

येथे एक बारकावा आहे. दोन आठवड्यांचे घड्याळ थांबते केव्हा? रुग्णाला सेवेत दाखल करून घेतले, त्याच्यासाठी समन्वयक नेमला आणि काम सुरू झाले, की थांबते. सोळा सत्रांपैकी पहिले सत्र त्यानंतर कित्येक महिन्यांनी झाले, तरी त्या घड्याळाला त्याची दखल नाही. केवळ तोच आकडा पाहणाऱ्या मंत्र्याला सारे आलबेल दिसेल. म्हणूनच रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने चालवलेल्या राष्ट्रीय तपासणीत प्रत्येक चमूच्या कागदपत्रांतून हे पाहिले गेले की, संवादोपचार किती रुग्णांनी प्रत्यक्ष घेतला, कुटुंबसत्रे किती कुटुंबांनी घेतली. ‘देऊ केले’ आणि ‘घेतले’ या दोन शब्दांतले अंतर फार मोठे असते. ‘देऊ केले’ असे लिहिण्यास एक पत्रक हातात ठेवणे पुरते. घाबरलेला, संशयाने ग्रासलेला मुलगा सोळा वेळा येऊन बसावा, यासाठी कोणाला तरी त्याच्या घरी जावे लागते, त्याच्या आवडीच्या क्रिकेटविषयी दोन तास बोलावे लागते, तो आला नाही तर न रागावता पुन्हा जावे लागते.

आणि नेमके हेच कोणत्याही मोजपट्टीत नीट बसत नाही. सत्रे मोजता येतात. सत्रात विश्वास जुळला की नाही, हे मोजणे कठीण. गुणांवर अनुदान अवलंबून असेल तर नोंदी सुधारतात, काम सुधारतेच असे नाही. शिवाय सायकोसिसच्या प्रारंभिक सेवांच्या बाबतीत, अधिक गुण मिळवणाऱ्या केंद्रातील रुग्णांची स्थिती तितक्याच प्रमाणात अधिक चांगली असते, याचा पुरावा अजून तोकडा आहे. रोजगार साहाय्याच्या क्षेत्रात हे नाते त्यामानाने पक्के आहे. येथे ते प्रस्थापित व्हायचे आहे. मोजपट्टीतील तीस-पस्तीस बाबींपैकी खरा भार कोणत्या पाच-सात बाबी उचलतात, हेही निश्चित झालेले नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की, ही अडचण स्पष्ट होते. प्रश्न एकच होता: विशेष सेवा दोन वर्षांनी थांबवावी की पाच वर्षे चालू ठेवावी? डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांच्या चाचणीत, पाच वर्षे सेवा दिल्याने विशेष फरक पडला नाही. माँट्रियलमध्ये अशोक मल्ला आणि सहकाऱ्यांच्या २२० रुग्णांच्या चाचणीत, सेवा लांबवलेल्यांना लक्षणमुक्तीचा काळ बराच अधिक लाभला. उलटसुलट निष्कर्ष? त्याआधी पाहावे लागेल की, दोन वर्षांनंतर ज्यांना ‘नेहमीच्या’ सेवेकडे पाठवले, त्यांना त्या त्या देशात काय मिळाले. डेन्मार्कची नेहमीची सेवाही बऱ्यापैकी भक्कम होती. ज्या गटाशी तुलना करायची, त्यालाही मोजपट्टी लावावी लागते, हे संशोधनात अनेकदा विसरले जाते.

याच माँट्रियलच्या गटाने चेन्नईतील ‘स्कार्फ’ या संस्थेबरोबर काम केले आहे, आणि आपल्या दृष्टीने ते महत्त्वाचे. डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली स्थापन केलेल्या या संस्थेत पहिल्या झटक्याच्या रुग्णांसाठी माँट्रियलसारखीच सेवा देण्यात आली आणि दोन्ही शहरांतील रुग्णांची दोन वर्षे तुलना करण्यात आली. दैनंदिन जीवन पुन्हा उभे करण्याच्या बाबतीत चेन्नईचे रुग्ण पुढे होते, आणि कुटुंबाचा उपचारातील सहभागही तेथे अधिक होता. पाश्चात्त्य मोजपट्टीत कुटुंबाला सामावून घेणे हे केंद्राचे काम आहे आणि त्याचे गुण केंद्राला मिळतात. आपल्याकडे आई, भाऊ, कधी मामाही रुग्णाबरोबर दारात आलेलेच असतात. तेव्हा भारतात ही पट्टी लावायची तर त्या रकान्यात निराळे काही विचारावे लागेल: सोबत आलेल्या आईला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले, की आत बोलावून तिचे ऐकले? आणि ‘देवराई’त भावासाठी जीव टाकणाऱ्या बहिणीसारख्या घरच्या माणसाला स्वतःसाठी थोडा विसावा मिळावा, याची जबाबदारी चमूतल्या कोणाकडे दिली होती?